लहान अक्षर, मोठी अडचण

आपल्या देवनागरीत 'क' एकच. वाक्याच्या आरंभी तो मोठा होत नाही, की विशेषनामात त्याला वेगळा मान मिळत नाही. रोमन लिपीत मात्र प्रत्येक अक्षराची लहान आणि मोठी अशी दोन रूपे. फायलींच्या नावांत ही रूपे एक मानायची की भिन्न, याविषयी संगणकांमध्ये एकमत नाही. एका संगणकावरची आज्ञावली दुसऱ्यावर नेताना हा मतभेद अंगाशी येतो.

१९६९ साली बेल प्रयोगशाळेत जन्मलेल्या युनिक्सने आणि १९९१ च्या लिनक्सने ती भिन्न मानली. विंडोज व मॅक नाव जसे लिहिले तसे जपतात. शोधताना मात्र सहसा भेद करीत नाहीत.

परिणाम दुहेरी होतो. मॅकवर अक्षराचे रूप चुकले तरी फाइल सापडते. तीच आज्ञावली लिनक्सवर 'फाइल नाही' म्हणून थांबते. ही चूक निदान बोलून दाखवते! उलट प्रवासात, केवळ लहानमोठ्या अक्षराने वेगळ्या असलेल्या दोन फायली मॅकवर उतरवल्या, तर बहुधा दुसरी पहिलीच्या जागी बसते आणि पहिलीतील मजकूर मुकाट्याने नाहीसा होतो.

टर्मिनलवर चालणाऱ्या आज्ञावल्यांचे उदाहरण बोलके आहे. प्रत्येक टर्मिनलची कुंडली 'टर्मिन्फो' या संग्रहात असते. टर्मिनलच्या नावाच्या आद्याक्षराचा एक कप्पा, अशी त्याची मांडणी. पण भेद न मानणाऱ्या संगणकावर मोठ्या व लहान 'ई'चा कप्पा एकच होईल. म्हणून 'एन-कर्सेस'ने तेथे कप्प्यांना अक्षरांऐवजी सोळा-आधारी संकेतांक दिले : मोठ्या 'ई'ला ४५, लहान 'ई'ला ६५. साहजिकच केवळ अक्षराचा कप्पा शोधणारी आज्ञावली तेथे रिकाम्या हाताने परतते. तिने दोन्ही ठिकाणी पाहिले पाहिजे.

मग संगणकाची जात विचारून निर्णय घ्यावा काय? तेही फसवे. मॅकवर भेद पाळणारा विभाग करता येतो. विंडोजमध्ये २०१८ पासून एखाद्या कप्प्यापुरता भेद पाळता येतो, तर लिनक्समध्ये २०१९ पासून तो सोडता येतो. त्यापेक्षा त्या कप्प्यालाच विचारावे : लहान अक्षरांत एक तात्पुरती फाइल करावी, मोठ्या अक्षरांत ती मागावी. सापडली, तर तेथे भेद नाही.

सर्वांत सोपा नियम मात्र लिहिणाऱ्याच्या हाती आहे. नावे लहान अक्षरांतच ठेवावीत आणि सर्वत्र जशीच्या तशी लिहावीत. 'दिन' आणि 'दीन' यांतील अंतर जाणणाऱ्या मराठीच्या विद्यार्थ्याला हे शुद्धलेखन जड जाऊ नये!