ऊन हिरड्यांना लागत नाही

पेण-उरणच्या मिठागरांवर आणि अलिबाग-मुरुडच्या बंदरांवर राबणाऱ्या माणसाची कातडी रापतेच. त्यामुळे एखादी भगिनी काळवंडत चालली तर घरचे म्हणतात, ऊन लागले. ती थकते, उठताना घेरी येते, जेवण जात नाही, वजन उतरते. मग ताकदीचे इंजेक्शन होते. तरीही उतार पडला नाही की कोणीतरी भगताचे नाव काढतो. बाबासाहेबांच्या २२ प्रतिज्ञा घेतलेल्या घरातही काढतो!

अशा थकव्यामागे कधीकधी अ‍ॅड्रिनल ग्रंथींचा आजार असतो. दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या या ग्रंथी प्रत्येकी जेमतेम ४-५ ग्रॅमच्या. ताप, अपघात, शस्त्रक्रिया यांचा ताण शरीर पेलते ते त्यांतल्या कॉर्टिसोलमुळे. दुसरा रस, अल्डोस्टेरॉन, अंगातले मीठ धरून ठेवतो. तो आटला की मीठ लघवीवाटे जाते, रक्तदाब उतरतो आणि रोग्याला सारखे खारट खावेसे वाटते.

लंडनच्या डॉ. थॉमस अ‍ॅडिसन यांनी १८५५ साली हा आजार नोंदवला. तेव्हा त्याचे मोठे कारण क्षयरोग होते. आपल्याकडे आजही ते महत्त्वाचे कारण आहे. म्हणून टीबी होऊन गेलेला माणूस असा खंगू लागला, तर त्याच्या हिरड्या, तळहाताच्या रेषा आणि व्रण पाहावेत. तेथे काळेपणा आला असेल तर तो उन्हाचा नव्हे.

दुसरे कारण आपण पैसे देऊन घरी आणतो. सांधेदुखीवर, दम्यावर गुण देणाऱ्या बिननावाच्या पुडीत पुष्कळदा स्टिरॉइड असते. महिनोन्‌महिने बाहेरून मिळाले की ग्रंथी काम सोडतात. मग पुडी एकदम बंद केली की उलट्या, ग्लानी, क्वचित मृत्यूही. यात कातडी काळी पडत नाही, त्यामुळे संशयही येत नाही. डॉक्टरांनी दिलेले स्टिरॉइडसुद्धा मनाने थांबवू नये. ते हळूहळू उतरवावे लागते.

सकाळी ८-९ वाजता रक्तातले कॉर्टिसोल तपासतात. परळच्या केईएम रुग्णालयात अशा ग्रंथींच्या आजारांचा स्वतंत्र विभाग आहे. ग्रंथीच निकामी झाल्या असतील तर हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या जन्मभर, पण माणूस कामधंदा करून नीट जगतो. तापात डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे गोळी वाढवायची. उलटीमुळे गोळी पोटात टिकली नाही तर वाट न पाहता इंजेक्शनसाठी दवाखाना गाठायचा. आजाराचे आणि औषधाचे नाव लिहिलेली चिठ्ठी खिशात ठेवावी. मासेमारीला चार-आठ दिवस जाणाऱ्याने जादा गोळ्या बरोबर घ्याव्यात आणि ती चिठ्ठी कोठे आहे ते तांडेलाला सांगून ठेवावे.