'पम्पिंग आयर्न'मध्ये काय दाखवलंच नाही?

बॉडीबिल्डिंगची आवड असेल तर 'पम्पिंग आयर्न' (१९७७) हा माहितीपट बघाच! विषय आहे १९७५ची प्रिटोरियातली मिस्टर ऑलिंपिया स्पर्धा. स्पर्धेआधी नाश्त्याच्या टेबलावर बॉडीबिल्डर अर्नॉल्ड श्वार्झनेगर प्रतिस्पर्धी लू फेरिग्नोला हसतहसत सांगतो की, आपण जिंकल्याचं आईला आधीच कळवून टाकलंय. समोरच्याचं मन कसं खच्ची करतात, ते तिथे दिसतं.

पण घाम, वजनं, जिद्द सगळं दाखवणाऱ्या या चित्रपटात स्टेरॉइडचा विषयच नाही. आपण ती घेत होतो, हे अर्नॉल्डने पुढे स्वतः मान्य केलं. स्टेरॉइडविरोधातला अमेरिकेतला कडक कायदा तर आला १९९०मध्ये.

उलट १९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये धावपटू बेन जॉन्सन स्टॅनोझोलॉल हे स्टेरॉइड घेतल्याने पकडला गेला, तेव्हा माध्यमांनी त्याला खलनायक ठरवलं. एकीकडे मौन, दुसरीकडे आरडाओरडा. शरीरात काय होतं, ते दोन्हीकडे राहूनच गेलं. या औषधांमुळे शरीर स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनवणं कमी करतं, चांगलं कोलेस्टेरॉल घसरतं, हृदयाचा स्नायू जाड होऊ शकतो.

जिममध्ये नव्याने येणाऱ्या मित्रांनो, पडद्यावरचं शरीर बघून स्वतःला कमी लेखू नका. 'एक कोर्स मार, लगेच बॉडी बनेल' असं कुणी म्हणालं, तर सरळ नाही म्हणा.