फाईल कॅनडात, ड्युटी अंबाजोगाईत

पहाटे 5.30
कुकर लावून डबा भरते, तेवढ्यात ह्यांचा फोन येतो. टोरांटोत आदल्या रात्रीचे आठ वाजलेले असतात. ते जेवायला बसलेले, मी कणीक मळतेय. आत्याबाई शेजारून विचारतात, “आला का गं व्हिसाचा कागद?” नाही आला.

सकाळी 7.00
लोखंडी सावरगावच्या फाट्यावरून एसटी पकडते. ओळखीच्या बायका म्हणतात, “आता जायचंच आहे, तर नोकरी कशाला करतेस?” त्यांना मी नियम सांगते. जोडीदाराला कायमचं नेण्याचा अर्ज चालू असताना तो जोडीदार कॅनडातच राहत असेल, तर त्याला तिथं ओपन वर्क परमिट मागता येतं. मी इथं, म्हणून माझं काम इथंच. शिवाय फॉर्ममध्ये मागच्या दहा वर्षांचा हिशेब लागतो: कुठे होता, काय करत होता. मधला एकही महिना रिकामा सोडायचा नाही.

सकाळी 8.00
स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, स्त्रियांचा वॉर्ड. रात्रपाळीच्या सिस्टरकडून चार्ज घेते. कुणाचं सलाईन संपत आलंय, कुणाला रक्त चढवायचंय, कुणाचे टाके काढायचेत. पुढचे दोन तास घड्याळाकडे बघायलाही फुरसत नसते.

सकाळी 11.00
खाटेवरची एक बाई ऊसतोडीला जाणारी. कारखाने सुरू व्हायच्या आत बरं व्हायचंय, कारण मुकादमाची उचल घेतलीय. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक आजारी पडला, तर दोघांची मजुरी बुडते. ती विचारते, “सिस्टर, तुमचे मालक कुठंयत?” कॅनडात, म्हटल्यावर ती हळहळते, “आन् तुम्ही एकट्याच?” तिच्या जिल्ह्यात जोडप्यानं गाव सोडायला व्हिसा लागत नाही, पण दुखणं अंगावर काढून जावं लागतं. तिच्या गोळ्या कधी घ्यायच्या, ते मी दोनदा समजावते. ती फडावर गेल्यावर तिला आठवण करून द्यायला कुणी नसेल.

दुपारी 2.00
चार्ज देऊन झेरॉक्सच्या दुकानात. गुणपत्रिका आणि नर्सिंगची नोंदणी माहेरच्या नावावर, पासपोर्ट सासरच्या. दोन्ही बाया एकच आहेत हे सांगायला विवाह नोंदणीचा दाखला प्रत्येक कागदाला जोडावा लागतो. लग्न खरं आहे हे पटवायला फोटो, पत्रिका, फोनच्या नोंदी आधीच दिल्यात.

संध्याकाळी 6.00
भाजी निवडून झाली, की इंग्रजीचा अभ्यास. तिकडे नर्स म्हणून नोंदणी करायची, तर अलीकडच्या वर्षांतला प्रत्यक्ष कामाचा अनुभव पाहतात. आज वॉर्डात उभी राहिले, तर उद्या तिथं उभी राहता येईल.

रात्री 9.00
पुन्हा फोन. तिकडे सकाळचे साडेअकरा, त्यांची चहाची सुट्टी. प्रायोजक म्हणून त्यांनी तीन वर्षं माझा खर्च उचलण्याची हमी लिहून दिलीय. त्या सहीमागचं प्रेम मला कळतं. तरी मी त्यांना सांगून ठेवलंय, की ती हमी कागदावरच राहील असं मी बघेन. माझ्यासारख्या थांबलेल्या प्रत्येकीला हेच सांगते: निकालाची तारीख आपल्या हातात नाही, हातातलं काम मात्र आहे. पासपोर्टवर व्हिसा लागेपर्यंत राजीनामा लिहू नका.