'कोसला'तील एकाकीपण : चरित्र आणि कादंबरी

लेखकाच्या तारुण्यातील अस्वस्थता त्याच्या कथात्म साहित्यात कशी उतरते, या प्रश्नाचे सर्वांत सोपे उत्तर म्हणजे नायकासच लेखक मानणे. भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'ला (१९६३) हे उत्तर सहज लागू पडते. नेमाडे यांचा जन्म १९३८ मध्ये यावल तालुक्यातील सांगवी येथे झाला. शिक्षणासाठी ते पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात गेले. कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. पांडुरंग सांगवीकरही खानदेशातून पुण्यास जातो, नापास होऊन गावी परततो आणि पंचविसाव्या वर्षी आपली हकीकत सांगतो.

परंतु साम्यापेक्षा भेद अधिक बोलका आहे. नेमाडे यांनी पुढे डेक्कन महाविद्यालयात भाषाशास्त्राचा अभ्यास केला व अध्यापन स्वीकारले. पांडुरंगास अशी वाट लाभत नाही. लेखकाने स्वतःचे आडनाव बाजूला ठेवले, गावाचे नाव मात्र नायकाच्या आडनावात गोवले. पुण्यात हे आडनाव त्याचे परकेपण सांगते. गावी परतल्यावर तेथील आपलेपणही त्याच्या वाट्यास येत नाही. हे दुहेरी तुटलेपण म्हणजेच त्याचा कोश.

हे तुटलेपण निवेदनाच्या भाषेतही आहे. 'वगैरे', 'उदाहरणार्थ' हे शब्द विनोदाचे साधन आहेत, तसेच ते स्वतःच्या विधानावर विसंबू न शकणाऱ्या मनाचे लक्षणही आहेत. धाकट्या बहिणीच्या मृत्यूपाशी या भाषेवरील ताण स्पष्ट होतो. जे. डी. सॅलिंजर यांच्या 'द कॅचर इन द राय'शी (१९५१) 'कोसला'ची तुलना अनेकदा होते. तेथेही शिक्षणात न रमणारा तरुण आणि भावंडाचा मृत्यू आहे. मात्र होल्डनला रोखून धरणारी धाकटी बहीण हयात आहे. पांडुरंगाची तीच हरवते. म्हणून त्याच्या ओढीला परतण्याचे ठिकाण उरत नाही.

या एकाकीपणास केवळ 'अस्तित्ववादी' म्हणून थांबणे अपुरे ठरते. त्याच्या मुळाशी कर्त्या बापाचे शेतकरी घर आणि त्याच्या पैशावर शहरात शिकणारा मुलगा यांमधील अबोला आहे. 'हिंदू' (२०१०) मधील खंडेराव मरणासन्न वडिलांसाठी गावी परततो, तेव्हा तोच प्रश्न पाऊणशे वर्षांच्या उंबरठ्यावरील लेखकाने पुन्हा हाती घेतलेला दिसतो. म्हणजे तारुण्यातील पेच आठवणी पुरवून संपत नाही. तो लेखकास आयुष्यभराचा विषय देतो.

शिंदखेड्यासारख्या तालुक्याच्या गावी ही कादंबरी शिकविताना हा भेद विशेष जपावयास हवा. पांडुरंगास बिघडलेला मुलगा ठरविले, किंवा परक्या तत्त्वज्ञानाचे उदाहरण मानले, तर घर सोडून शहरात शिकू पाहणाऱ्या विद्यार्थ्यास त्यात स्वतःचे दुःख ओळखता येणार नाही. लेखकाचे चरित्र त्या दुःखाचा उगम दाखविते. त्याचा अर्थ मात्र कादंबरीच्या भाषेतच शोधावा लागतो.