रबराच्या चिकाची गादी आणि सुखाची झोंप

दिवाळी सरली आणि हवेंत थोडा गारवा आला, म्हणजे शहरांतील वाड्यांतून व चाळींतून एके काळीं पिंजाऱ्याच्या धनुष्याचा टणत्कार ऐकूं येत असे. वर्षभर निजून दबलेल्या गाद्या उसवावयाच्या, कापूस पिंजून मोकळा करावयाचा, आणि तो पुन्हां खोळींत भरून दोरे घालावयाचे, असा तो क्रम असे. गादी म्हणजे कापसाची आणि ती बिघडली तर पिंजाऱ्याकडून नीट करून घ्यावयाची, एवढें ज्ञान गृहस्थाला पुरत असे. आतां तो आवाज शहरांतून बहुतेक नाहींसा झाला आहे. गादी घेण्यासाठीं दुकानांत शिरलेल्या मनुष्यापुढें फोम, स्प्रिंग, काथ्या, लॅटेक्स अशीं नांवें एकामागून एक येऊन उभीं राहतात. त्यांत ‘नैसर्गिक लॅटेक्स’ या नांवाची गादी बहुधा अधिक किंमतीच्या गाद्यांत मोडते. घरांत पाठदुखीनें त्रासलेली आई किंवा रात्रभर कूस बदलणारे वडील असले, म्हणजे मुलें मोठ्या प्रेमानें ती घेण्याचें ठरवितात. परंतु ही गादी कशाची असते, ती काय करूं शकते आणि काय करूं शकत नाहीं, हें समजून घेतल्यावांचून केलेली निवड ही घेणाऱ्याची नसून दुकानदाराची असते.

लॅटेक्स म्हणजे रबराच्या झाडाचा चीक. रुईचें पान मोडलें किंवा फणसाच्या सालीस चीर पडली असतां जसा पांढरा चीक निघतो, तसाच हाहि. हें झाड मूळचें दक्षिण अमेरिकेंतील ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यांतलें. १८७६ सालीं हेन्री विकम या इंग्रज गृहस्थानें त्याच्या सुमारें ७०,००० बिया लंडनजवळील क्यू येथील वनस्पति-उद्यानांत आणल्या. तेथें रुजलेलीं रोपें श्रीलंकेंत पाठविण्यांत आलीं, आणि पुढें सबंध आग्नेय आशियांत हें पीक पसरलें. भारतांत व्यापारी प्रमाणावरील पहिली लागवड १९०२ सालीं केरळांत पेरियार नदीच्या कांठीं तट्टेकाड येथें झाली. आजहि देशांत रबराचें सर्वांत अधिक उत्पादन केरळांतच होतें. मराठी मुलखालाहि हें झाड अगदींच परकें राहिलेलें नाहीं. सिंधुदुर्ग जिल्ह्यांत, विशेषतः दोडामार्गाच्या बाजूस, आणि गोव्यांतहि रबराच्या बागा उभ्या आहेत.

झाड सुमारें ६-७ वर्षांचें झालें म्हणजे त्याचा चीक काढण्यास आरंभ होतो. हें काम पहांटे चालतें, कारण त्या वेळीं सालींतील सूक्ष्म नलिकांमध्यें दाब अधिक असतो व चीक भरपूर वाहतो. कामगार वांकड्या सुरीनें सालीचा पातळ पापुद्रा तिरकस कापतो, आणि खालीं बांधलेल्या करवंटींत थेंब थेंब चीक गोळा होतो. चीर फार खोल गेली तर झाड दुखावतें, म्हणून हें काम कसबाचें आहे. या चिकांत साधारणपणें एकतृतीयांश रबर व बाकीचें बहुतेक पाणी असतें. तो नासूं नये म्हणून त्यांत अमोनिया घालतात, आणि दुधांतून साय वेगळी काढणाऱ्या यंत्रासारख्याच फिरत्या यंत्रांतून काढून त्यांतील रबराचें प्रमाण सुमारें ६० टक्क्यांपर्यंत वाढवितात.

नुसता चीक वाळविला तर त्याची गादी होत नाहीं. कच्चें रबर उन्हाळ्यांत चिकट व थंडींत कडक होतें. त्यांत गंधक मिसळून उष्णता दिली असतां हा दोष जातो, हा शोध चार्ल्स गुडइयर या अमेरिकन संशोधकास १८३९ सालीं लागला. परंतु त्यापासून मऊ, सच्छिद्र रबर करण्याची व्यवहार्य रीत सांपडण्यास आणखी सुमारें ९० वर्षें जावीं लागलीं. १९२९ सालीं इंग्लंडांत डनलॉप कंपनीमधील ई. ए. मर्फी यांनीं चीक घुसळून त्याचा फेंस केला व तो थिजवून दाखविला. आजची रीतहि मूलतः तीच आहे. चिकांत गंधक, साबण व इतर थोडीं द्रव्यें घालून तो फेंसाळेपर्यंत घुसळतात. मग तो सांच्यांत ओततात आणि वाफेची उष्णता देतात. सांच्यांत धातूच्या खिळ्यांच्या रांगा असतात. त्यांच्यामुळें उष्णता मध्यापर्यंत पोंचते. लॅटेक्सच्या गादींत जीं ओळीनें भोंकें दिसतात, तीं या खिळ्यांचींच खूण होत. शेवटीं गादी पाण्यानें धुऊन वाळवितात. हिला डनलॉप पद्धति म्हणतात. टॅलाले नांवाच्या दुसऱ्या पद्धतींत सांचा अर्धवट भरून निर्वात करतात, त्यामुळें फेंस फुगून सर्वत्र सारखा पसरतो. मग तो गोठवून व कर्बद्विप्राणिद वायु सोडून थिजवितात. डनलॉपची गादी घट्ट व भरीव, आणि तिची खालची बाजू किंचित् अधिक कठीण असूं शकते. टॅलालेची गादी सर्व ठिकाणीं सारखी व बहुधा अधिक हलकी असते. दोहोंपैकीं एक श्रेष्ठ व दुसरी कनिष्ठ असें नाहीं. गादीचा मऊपणा मिळवून पाहणें, हेंच खरें.

आतां गादीचें काम काय, हें पाहूं गेल्यास तें दुहेरी आहे. खांदा व कंबर हे जड आणि पुढें आलेले भाग गादींत बेताचे रुतले पाहिजेत, आणि त्याच वेळीं कमरेच्या पोकळीला खालून आधार मिळाला पाहिजे. असें झालें तरच कणा आपल्या स्वाभाविक आकारांत राहतो आणि पाठीचे स्नायु रात्रभर विसांवा घेतात. फारच मऊ गादींत कंबर खोल जाऊन कणा झोळीसारखा वांकतो. उलट फार कठीण बिछान्यावर शरीराचा सर्व भार खांदा व नितंब यांवरच पडतो, आणि निजलेला मनुष्य पुनःपुन्हां कूस बदलीत राहतो.

या ठिकाणीं एका रूढ समजुतीचा विचार करणें अवश्य आहे. पाठ दुखूं लागली कीं फळीवर निजावें, असा सल्ला मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या दिला जातो. २००३ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत स्पेनमधील एका प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. दीर्घकाळ कंबरदुखी असलेल्या ३१३ मनुष्यांपैकीं कांहींना कठीण व कांहींना मध्यम कठीण गाद्या चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणें वांटून देण्यांत आल्या. ९० दिवसांनंतर मध्यम कठीण गादीवर निजणाऱ्यांस अंथरुणांत व उठतांना होणारें दुखणें अधिक कमी झालें, असें आढळलें. हा प्रयोग लॅटेक्सची थोरवी सिद्ध करण्यासाठीं नव्हता, हें ध्यानांत ठेवावें. त्यापासून घेण्यासारखा बोध इतकाच कीं, जितकें कठीण तितकें पाठीला हितकर, हा नियम खरा नव्हे. मध्यम कठीण गादी कापसाची असेल तरी चालेल आणि लॅटेक्सची असेल तरीहि चालेल.

मग लॅटेक्सचा विशेष तो कोणता? रबर दाबलें कीं दबतें आणि सोडतांच मूळ आकारावर येतें. या लवचिकपणामुळें ही गादी शरीराच्या उंचसखल भागांप्रमाणें खालीं जाते आणि सर्वत्र आधारहि देते. निजणाऱ्यानें कूस बदलतांच ती त्याच्याबरोबर बदलते. शरीराच्या उष्णतेनें हळूहळू रुतत जाणाऱ्या ‘मेमरी फोम’ गादींत कित्येक वृद्धांस कूस बदलणें जड जातें. लॅटेक्समध्यें ती अडचण कमी भासते. चांगली लॅटेक्स गादी दबून खळगा पडण्यासहि पुष्कळ वर्षें लागतात.

निवड करतांना प्रथम निजणाऱ्याचें वजन व निजण्याची रीत पाहावी. एकच गादी ५० किलो वजनाच्या बाईला कठीण आणि ९० किलो वजनाच्या पुरुषाला मऊ लागते. कुशीवर निजणाऱ्यास खांद्यासाठीं थोडी अधिक मऊ, तर पालथें निजणाऱ्यास अधिक कठीण गादी मानवते. म्हणून जिला ती वापरावयाची, त्या आईलाच दुकानांत न्यावें. तिनें नुसतें कडेवर बसून किंवा हातानें दाबून पाहूं नये. आपल्या नेहमींच्या पद्धतीनें १०-१५ मिनिटें स्वस्थ पडून पाहावें. उताणें निजलें असतां कमरेखालीं हात घालून पाहावा. हात अगदीं मोकळा फिरला तर गादी फार कठीण, आणि मुळींच शिरला नाहीं तर फार मऊ समजावी. कुशीवर निजलें असतां दुसऱ्यानें मागून पाहावें. मानेपासून कमरेपर्यंत कणा सरळ रेषेंत दिसला पाहिजे. नवराबायकोंच्या वजनांत मोठें अंतर असल्यास एकाच खोळींत दोन निरनिराळे तुकडे घेणें शहाणपणाचें होय.

यापुढें प्रश्न नांवाचा. रासायनिक कारखान्यांत खनिज तेलापासूनहि लॅटेक्स तयार होतें. तेव्हां ‘शंभर टक्के लॅटेक्स’ या शब्दांवरून तें झाडाचें आहे असें ठरत नाहीं. ‘शंभर टक्के नैसर्गिक लॅटेक्स’ असें पावतीवर लिहून घ्यावें. कित्येक गाद्यांत दोहोंचें मिश्रण असतें. कांहींत साध्या फोमवर बोटभर जाडीचा लॅटेक्सचा थर बसवून संबंध गादीला तेंच नांव देतात. नारळाचा काथ्या रबरानें चिकटवून केलेली गादी ही तर निराळीच वस्तु आहे. म्हणून खोळीची चेन उघडून आंतील प्रत्येक थर व त्याची जाडी पाहण्याचा आग्रह धरावा. वजनाचा हिशेबहि उपयोगी पडतो. १९० सेंटिमीटर लांब, ९० रुंद व १५ जाड अशा गादीचें घनफळ सुमारें पाव घनमीटर होतें. लॅटेक्सची घनता बहुधा दर घनमीटरास ७० ते ९० किलो असते. म्हणजे ही गादी सुमारें २० किलो भरावी. साध्या फोमची घनता ३० धरल्यास तेवढीच गादी ८ किलोंच्या आंत बसते. मात्र कृत्रिम लॅटेक्सहि जड असूं शकतें, म्हणून वजन हा साध्या फोमची फसवणूक ओळखण्यापुरताच पुरावा होय. दाखल्यांचेंहि असेंच आहे. ‘ओएको-टेक्स’ हा शिक्का अपायकारक द्रव्यांची तपासणी झाल्याचें सांगतो, रबर झाडाचें असल्याचें सांगत नाहीं. ‘गोल्स’ हा दाखला सेंद्रिय पद्धतीनें पिकविलेल्या लॅटेक्ससंबंधीं असतो. जो शिक्का ज्या गोष्टीची साक्ष देतो, तेवढीच त्याच्यापासून घ्यावी.

कांहीं सावधगिरीच्या सूचनाहि आवश्यक आहेत. ज्यांना रबरी हातमोजे किंवा फुगे यांपासून अंगावर गांधी उठतात वा श्वास लागतो, त्यांनीं वैद्यांचा सल्ला घेतल्यावांचून ही गादी घेऊं नये. तान्ह्या मुलास कोणत्याहि मऊ, रुतणाऱ्या गादीवर निजवूं नये. त्याला सपाट व घट्ट बिछानाच सुरक्षित असतो. लॅटेक्सच्या गादीला ढेंकूण लागत नाहींत, असें विक्रेते सांगतात. परंतु ढेंकूण खोळीच्या शिवणींत आणि पलंगाच्या फटींत राहतात, त्यांस गादी कशाची आहे याचें सोयरसुतक नसतें. तसेंच या गादीच्या सच्छिद्रतेमुळें हवा खेळते हें खरें असलें, तरी ती स्वतः थंडावा निर्माण करीत नाहीं.

मुंबईच्या किंवा कोंकणाच्या पावसाळ्यांत दमट हवेचा उपद्रव मोठा असतो. सबंध फळीच्या बंद पलंगावर ठेवलेल्या गादीच्या खालच्या बाजूस घामाचा व हवेचा ओलावा सांचून बुरशी धरते. पट्ट्यांचा पलंग असल्यास खालून वारा लागतो. मात्र पट्ट्या जवळजवळ असाव्या, नाहीं तर जड रबर मध्यें लोंबतें. फळीचा पलंग असल्यास तिला भोंकें पाडून घ्यावीं, आणि पावसाळ्यांत मधून मधून गादी उभी करून पंख्याचा वारा द्यावा. प्लास्टिकचें आवरण काढून टाकावें व सुती खोळ घालावी. खोळ धुवावी, गादी मात्र धुऊं नये. भिजलेलें लॅटेक्स लवकर वाळत नाहीं.

सर्वांत मोठी चूक मात्र चांगल्या गृहिणीच्या हातून, चांगल्या हेतूनेंच होण्याचा संभव असतो. पाऊस उघडून कडक ऊन पडलें कीं घरांतील गाद्या गच्चीवर टाकावयाच्या, ही आपल्याकडील उत्तम चाल. कापसाला तें ऊन मानवतें. त्याचा दमटपणा जातो व तो फुलून येतो. रबराला तेंच ऊन घातक होतें. खिडकींत उन्हांत राहिलेलें रबरबँड कांहीं दिवसांत कडक होऊन ताणतांच तुटतें, हें कोणीहि पाहिलें असेल. ऊन व हवेंतील प्राणवायु यांच्यामुळें लॅटेक्सची गादीहि अशीच पिवळी पडते, ठिसूळ होते आणि तिचा चुरा पडूं लागतो. पुष्कळ वर्षें टिकावी म्हणून घेतलेली वस्तु अशा रीतीनें काळजी घेतल्यामुळेंच अकालीं निकामी होते. पिंजाऱ्याची गादी दर वर्षीं ऊन मागत असे. झाडाच्या चिकाची ही गादी सावली आणि वारा मागते. आईसाठीं ती घरांत आणणाऱ्या मुलांनीं एवढी गोष्ट गादीबरोबरच तिला सांगितली, तर त्यांचा खर्च आणि तिची झोंप या दोहोंचेंहि सार्थक होईल.