सेन्नाची १२ नंबरची मॅक्लारेन

मॉडेल : मॅक्लारेन एमपी४/४. १:४३ प्रमाणात लांबी जेमतेम दहा सेंटिमीटर.

खूण : लाल-पांढरा रंग, नाकावर १२ आकडा, कॉकपिटमध्ये आयर्टन सेन्नाचं पिवळंधमक हेल्मेट.

इंजिन : होंडाचं दीड लिटरचं व्ही६ टर्बो.

फॉर्म्युला वन हंगाम १९८८ : १६ पैकी १५ शर्यती मॅक्लारेनच्या, सेन्ना ८, सहकारी अलाँ प्रॉस्ट ७. सेन्नाच्या पोल पोझिशन तब्बल १३.

हुकलेली शर्यत : मोंझा. दोन फेऱ्या उरल्या असताना आघाडीवरच्या सेन्नाची मागे पडलेल्या गाडीशी टक्कर झाली.

जेतेपद : एकूण गुण प्रॉस्टचे १०५, सेन्नाचे ९४. मात्र सर्वोत्तम ११ निकालच धरले जात; त्यामुळे सेन्ना ९०-८७ असा प्रथमच विश्वविजेता ठरला.

घेताना पाहा : तंबाखूच्या जाहिरातींवरील निर्बंधांमुळे अनेक मॉडेल्सवर ‘मार्लबरो’ या सिगारेट-प्रायोजकाची अक्षरं नसतात, संग्राहक ती स्वतः चिकटवतात.