तिजोरीची किल्ली आणि शाळेचीं सूत्रें

एकत्र कुटुंबांत पैसा मिळविणारा एक आणि घर चालविणारा दुसरा, अशी व्यवस्था पुष्कळदां असते. थोरले बंधु मुंबईहून दरमहा मनीऑर्डर पाठवितात. गांवचा कारभार धाकटे बंधु पाहतात. कांहीं वर्षें सारें सुरळीत चालतें. मग एके दिवशीं पत्र येतें कीं, मुलांच्या अभ्यासाचा तपशील कळवावा. आणि पुढच्या पत्रांत, शिकवणीस कोणता मास्तर ठेवावा हेंहि असतें! पैसा देणाराला विचारण्याचा अधिकार कोठवर? हा प्रश्न ज्यांच्या घरीं कधीं उठला असेल, त्यांस अमेरिकेंतील शाळांचा जुना वाद सहज समजेल.

अमेरिकेच्या घटनेंत ‘शिक्षण’ हा शब्दच नाहीं. १७९१ सालच्या दहाव्या दुरुस्तीप्रमाणें, मध्यवर्ती सरकारास न दिलेले अधिकार राज्यांकडे किंवा लोकांकडे राहिले. म्हणून शाळा हा राज्यांचा विषय ठरला. १८६७ सालीं केवळ माहिती गोळा करण्यापुरतें एक मध्यवर्ती शिक्षणखातें निघालें, पण तें पुढें शिरजोर होईल या भीतीनें लवकरच त्याचा दर्जा उतरविण्यांत आला. आजहि शाळांच्या खर्चांत मध्यवर्ती सरकारचा वाटा सामान्यतः दहांत एक भागाच्या आसपास असतो. उरलेला भार राज्यें व गांवें उचलतात.

गांवाचा पैसा मुख्यतः घरादारांवरील करांतून येतो, आणि दोषाचें मूळ येथेंच आहे. श्रीमंत वस्तीची शाळा श्रीमंत, गरीब वस्तीची शाळा गरीब! हें दुःख लिंडन जॉन्सन यांनीं तरुणपणीं टेक्सासमधील कोटुला येथें गरीब मेक्सिकन मुलांना शिकवितांना पाहिलें होतें. अध्यक्ष झाल्यावर एप्रिल १९६५ मध्यें त्यांनीं शालेय मदतीच्या मोठ्या कायद्यावर सही केली, ती आपल्या लहानपणच्या एकखोली शाळेपाशीं, आपल्या पहिल्या बाईंना शेजारीं बसवून.

या पैशानें एक असें कार्य झालें, जें एकट्या न्यायनिवाड्यानें झालें नव्हतें. वर्णावरून शाळा वेगळ्या ठेवणें घटनाबाह्य आहे, असा निर्णय वरिष्ठ न्यायालयानें १९५४ सालींच दिला होता. तरी दहा वर्षांनंतर दक्षिणेकडील अकरा राज्यांत गोऱ्या मुलांबरोबर शिकणारीं कृष्णवर्णीय मुलें शेंकडा दोनांच्या आसपासच होतीं. ‘आमच्या शाळा आम्ही पाहूं’ हें राज्यांचें ब्रीद तेथें अन्यायाची ढाल झालें होतें. १९६४ च्या कायद्यानें वंशभेद करणाऱ्या संस्थांची मदत रोखण्याची सोय केली, १९६५ च्या कायद्यानें ती मदत भरघोस केली, आणि न्यायालयांच्या रेट्यास तिजोरीचा रेटा मिळतांच बंद दारें उघडूं लागलीं.

परंतु दात्याला एकदां हुकमतीची गोडी लागली, कीं ती आवरत नाहीं. २००२ च्या कायद्यानें तिसरी ते आठवीपर्यंत दरवर्षी वाचन व गणित यांच्या परीक्षा लादल्या आणि २०१४ पर्यंत झाडून सारीं मुलें प्रवीण झालीं पाहिजेत असें फर्मान काढलें. परिणाम काय? कांहीं राज्यांनीं उत्तीर्णतेची पायरीच खालीं आणली! अटींचा खर्च सरकार देत नाहीं म्हणून कनेटिकट राज्यानें २००५ सालीं दावा लावला. अखेर २०१५ सालीं बरेच अधिकार राज्यांना परत द्यावे लागले. अपंग मुलांच्या बाबतींत तर १९७५ सालीं जादा खर्चाचा चाळीस टक्के वाटा उचलण्याचें ठरलें, तो पूर्णपणें कधींच उचलला गेला नाहीं. अटी मात्र पूर्ण राहिल्या.

मार्च २०२५ मध्यें अध्यक्ष ट्रंप यांनीं १९७९ सालीं स्थापिलेलें शिक्षणखातें मोडीत काढण्याच्या दिशेनें हुकूम काढला. वस्तुतः अभ्यासक्रमावर हुकमत चालवूं नये, असें त्या खात्याच्या मूळ कायद्यांतच लिहिलें आहे. आणि कायद्यानें निर्मिलेलें खातें समूळ काढणें हें कायदेमंडळाचेंच काम आहे.

आपल्यालाहि हा प्रश्न परका नाहीं. १९१९ च्या सुधारणांनीं प्रांतांतील शिक्षण लोकांच्या मंत्र्यांकडे आलें, पण खजिना राखीव खात्यांतच राहिला. स्वतंत्र भारताच्या घटनेनें शिक्षण मुख्यतः राज्यांकडे सोंपविलें, तें १९७६ च्या दुरुस्तीनें सामाईक सूचींत गेलें.

मग न्याय्य काय? आम्हांस वाटतें, अटी दोन प्रकारच्या असतात. ‘कोणत्याहि मुलास दारांतून परत पाठवूं नका’ ही अट मुलाचें रक्षण करते. ती घालण्याचा दात्यास अधिकारच नव्हे, तर तें त्याचें कर्तव्य आहे. ‘अमुकच रीतीनें शिकवा, अमुकच मापानें मोजा’ ही अट मात्र मुलासमोर उभ्या असलेल्या शिक्षकाचे हात बांधते. थोरल्या बंधूंनीं पत्रांत अवश्य विचारावें कीं, घरांतील विधवा बहिणीचीं मुलेंहि शाळेंत जातात ना? मास्तर कोणता ठेवावा, हें मात्र गांवीं राहणाऱ्यांवर सोंपवावें.